सातबारा नसलेलं घर

कोकणात ज्याचं वडिलोपार्जित घर असतं, त्याला कोकणात गेल्यावर लॉज शोधावा लागतो. माझ्या सासरचं घर हेदवीच्या बाजूला आहे. जांभ्या दगडाचं, मंगलोरी कौलांचं, ऐसपैस. कागदोपत्री इतकी नावं, की काही वारली, काही अमेरिकेत गेली आणि उरलेली एकमेकांशी बोलत नाहीत. माजघर एकाचं, ओटी दुसऱ्याची, विहीर सामाईक आणि विहिरीवरचा पंप कोर्टात.

त्यामुळे ह्यांनी भाड्याच्या कॅरॅव्हॅनचं खूळ काढलं, तेव्हा मला आश्चर्य वाटलं नाही. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, हे त्यांनी मला दोनदा वाचून दाखवलं. पण खरं कारण वेगळंच होतं. "अगं, विचार कर," हे म्हणाले, "असं घर, ज्यात चुलत कुणीच नाही!"

घर छान होतं. बिछाना, शेगडी, छोटा फ्रीज, मोरी, संडास. म्हणजे कामं सगळी घरचीच, फक्त वळायला जागा नाही. जाहिरातीतलं जोडपं कपातून वाफाळता चहा पीत सूर्यास्त बघतं. तो कप पुढे कोण विसळतं आणि संडासाची टाकी कोण रिकामी करतं, हे जाहिरातीत येत नाही. आमच्याकडे सूर्यास्त बघायचं खातं ह्यांच्याकडे होतं.

आंबा घाट उतरून रत्नागिरीत आलो. आधी थिबा पॅलेस. ब्रह्मदेश इंग्रजांच्या घशात गेल्यावर थिबा राजाला आणि राणी सुपयालतला १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं. हा वाडा तयार झाला १९१० मध्ये. तोवर राजाराणी इंग्रज देतील त्या बंगल्यात. वाड्याचं सुख सहा वर्षं मिळालं, आणि १९१६ मध्ये राजा इथेच वारला. समोर भाट्याची खाडी लखलखत होती. पण ह्यांचं लक्ष आकड्यांत. "बघ, राजाला कोकणात घर मिळायला २४ वर्षं लागली. आपला दावा त्यामानाने ताजाच आहे." एवढ्या उमेदीने थिबा पॅलेसमधून बाहेर पडणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

आरे-वारेचा रस्ता डोंगराच्या कुशीतून वळतो आणि एका वळणावर सबंध समुद्र पायाशी येतो. तिथून पुढे सुरूंच्या सावलीत गाडी लावली. एकांत हवा होता. सायकलवरून एक आजोबा आले, उतरले, गाडीला प्रदक्षिणा घातली आणि नंबरप्लेट वाचली.

"पुण्याचे?"

"मूळचे हेदवीकडचे," हे म्हणाले. इथे एकांत संपला.

"कोणापैकी?"

चहा उकळायच्या आत आजोबांनी ह्यांच्या आत्याच्या सासरपर्यंत धागा नेऊन पोचवला. "मग गाडीत काय झोपता? आमची ओटी मोकळी आहे." वादात नसलेली ओटी! ह्यांचे डोळे पाणावले. आम्ही गाडीतच झोपलो खरे, पण आजोबा पहाटे फणस घेऊन हजर. बरका फणस छोट्या गाडीत ठेवला, की गाडी आपली राहत नाही, फणसाची होते.

पुढे गणपतीपुळे, मग मालगुंडला केशवसुतांचं जन्मघर, आणि मग वाड्यांमधले रस्ते. एका बाजूला गडगा, दुसऱ्या बाजूला गडगा, वर आंब्याची फांदी, समोरून एसटी. अशा वेळी मागे कोण जाणार हे कायद्याने नव्हे, ड्रायव्हरच्या मिशांवरून ठरतं. ह्यांना मिशा नाहीत.

रेवस ते रेड्डी हा सागरी महामार्ग नकाशात मोठ्या दिमाखात जातो. जयगडला शास्त्री नदीच्या खाडीशी मात्र तोही आपल्यासारखाच बोटीची वाट बघत उभा असतो. पलीकडे तवसाळ दिसत होतं. फेरीबोटीवर गाडी चढली आणि भोवती माणसं जमली. एका मावशींनी "चूल बघू" म्हणत पायरीवर पाय ठेवलाच. नळ सोडून पाहिला, फ्रीज उघडला, फणसाकडे आपुलकीने बघितलं आणि विचारलं, "सगळं आहे हो, पण वाळवणं कुठे घालता?" पलीकडचा किनारा येईपर्यंत मला उत्तर सुचलं नाही.

घरी पोचलो. गाडी खळ्यात उभी केली, तर पुढची चाकं थोरल्या चुलतदिरांच्या वाट्यात आणि मागची धाकट्यांच्या. थोरले चष्मा लावून बाहेर आले, वाकून बघितलं. "शेगडी कुठे येते?" मी म्हटलं, "मधोमध." त्यांचं समाधान झालेलं दिसलं.

रात्री दोन्ही जावा एकाच वेळी ताट घेऊन आल्या. एकीचे घावणे आणि नारळाचा रस, दुसरीची सांदणं. दार एवढंसं, आधी कोण शिरणार यावर थोडी शांतता. मग मागून दोघे दीरही आले, आणि वर्षानुवर्षं एका छपराखाली न बसलेली माणसं आमच्या बिछान्यावर गुडघ्याला गुडघा लावून बसली. दुसरीकडे बसायला जागाच नव्हती. दोन्ही ताटं संपली. थोरल्यांनी छताकडे बघितलं, खिडकीची काच सरकवून पाहिली.

"बाळ्या, असली एक सगळ्यांनी मिळून घेऊन टाकली तर? सामाईकात. एकेकाने महिना-महिना वापरावी."

"चालेल की," धाकटे म्हणाले. "पण पावसाळ्याचे महिने कुणाच्या वाट्याला?"

ह्यांनी हळूच उशीखाली गाडीची किल्ली चाचपली.