रागवायला हात शिल्लक नाही

(स्थळ: पेणजवळ हमरापूरच्या बाजूला एक गणपतीचा कारखाना. वैशाखातली दुपार. फळ्यांवर न रंगवलेले पांढरेशुभ्र गणपती ओळीनं बसलेले. रोह्याहून एका सार्वजनिक मंडळाचे अध्यक्ष आले आहेत. बरोबर खजिनदार आहेत आणि अध्यक्षांचे चौदा वर्षांचे चिरंजीव. चिरंजीवांना घरी एकटं ठेवणं परवडत नाही, म्हणून आणलंय.)

कारखानदार : या शेठ, बसा. तो पाट ओला आहे, त्यावर नको. गाडीनं आलात की रस्त्यानं?

अध्यक्ष : गाडीनं. हायवेनं निघालो असतो तर एकदम विसर्जनालाच पोचलो असतो.

खजिनदार : आणि तिकीट स्वस्त पडतं.

अध्यक्ष : तर मुद्दा असा की यंदा नुसती मूर्ती नको. देखावा हवा, आणि तोही हलता. विषय ठरलाय, ‘कार्टूनच्या विळख्यात बालपण’.

कारखानदार : वा. दुःखी विषय आहे. निळे दिवे लागतील.

खजिनदार : गेल्या वर्षीचे हिरवे आहेत. त्यांना निळा कागद लावू.

अध्यक्ष : मध्यभागी बाप्पा. समोर एक वांड मुलगा, चौदा-पंधरा वर्षांचा. हातात मोबाईल, मोबाईलवर तो शिनचॅन. आणि बाप्पा त्या मुलाला रागावताहेत.

कारखानदार : कुठल्या हातानं?

अध्यक्ष : म्हणजे?

कारखानदार : बाप्पाला हात चार. एकात पाश, एकात अंकुश, एकात मोदक आणि चौथा आशीर्वादाचा. रागवायला हात शिल्लक नाही.

खजिनदार : पाचवा लावला तर किती पडतील?

अध्यक्ष : अहो, पाचवा कसा लावता येईल!

खजिनदार : लावायचा नाही हो. दर माहीत असावा.

अध्यक्ष : आशीर्वादाच्या हाताचं एक बोट उगारलेलं करा.

कारखानदार : मग वर्गात उत्तर यायला लागल्यावर पोरं बोट वर करतात, तसे बाप्पा दिसतील. शिवाय हलता देखावा म्हणालात. मोटरवर हात वर-खाली होणार. मुलाच्या डोक्यापर्यंत आणला तर थोपटल्यासारखं दिसेल आणि लांब ठेवला तर टाटा केल्यासारखं. मोटरला राग येत नाही, शेठ.

अध्यक्ष : मग रागवायला शेजारी पोलीस उभा करू.

खजिनदार : नको. पोलीस म्हटलं की रोहेकरांना दसराच आठवतो. धावीर महाराजांच्या पालखीला पोलीस बंदुकांची सलामी देतात. पोरापुढं पोलीस दिसला की लोक म्हणतील, पोराला सलामी देतोय.

अध्यक्ष : बरं, ते नंतर बघू. आधी तो मुलगा. तो वाईट दिसला पाहिजे.

कारखानदार : किती वाईट?

अध्यक्ष : बघताक्षणी पोरांनी ठरवलं पाहिजे की आपण असं व्हायचं नाही.

कारखानदार : तेवढा वाईट केला तर लहान पोरं भोकाड पसरतील, आया त्यांना उचलून पुढं सरकतील आणि आरतीच्या ताटात काही पडायचं नाही.

खजिनदार : गोड करा.

कारखानदार : गोड केला तर पोरं त्याच्याबरोबरच सेल्फी काढतील. बाप्पाकडं पाठ करून.

अध्यक्ष : बाप्पाकडं पाठ?

चिरंजीव : सेल्फीत पाठच असते, बाबा. मागचा दिसायचा असतो.

अध्यक्ष : तू गप्प बस. (कारखानदाराला) हे बघा, त्या शिनचॅनसारखाच करा. त्यानंच वाटोळं केलंय. एवढा चौदा वर्षांचा घोडा आणि आईला उलट बोलतो...

चिरंजीव : पाच.

अध्यक्ष : काय पाच?

चिरंजीव : शिनचॅन पाच वर्षांचा आहे. १९९० पासून.

खजिनदार : म्हणजे आता चाळिशीला आला असेल. वर्गणी घ्यायला हरकत नाही.

चिरंजीव : काका, कार्टूनमध्ये वय वाढत नाही. अमेरिकेचा बार्ट सिम्पसन बघा. त्याची मालिका १९८९ मध्ये सुरू झाली तेव्हा दहा वर्षांचा होता, अजून दहाच. शाळेत खोड्या करतो, दारूच्या गुत्त्यात फोन करून भलतीच नावं विचारतो, आणि अजून चौथीतच आहे.

अध्यक्ष : बघा! खोड्या करणाऱ्याची प्रगती बघा! पस्तीस वर्षं चौथीत!

चिरंजीव : माझं वय वाढलं हाच घोटाळा झाला. पाच वर्षांचा असताना मी आजोबांची कवळी फ्रीजमध्ये ठेवली, तेव्हा तुम्ही चार पाहुण्यांना बोलावून ती गोष्ट सांगितलीत. परवा तेच केलं तर मोबाईल काढून घेतलात. कवळी तीच, फ्रीज तोच.

कारखानदार : पोरगं बोलतंय खरं. शिनचॅनला चौदावं लागूच देत नाहीत, म्हणून तो गोड राहतो. मिसरूड फुटल्यावर तेच बोलला असता तर पहिल्याच भागात मार खाल्ला असता.

अध्यक्ष : तुम्ही त्याची बाजू घेऊ नका. सरकारनंसुद्धा बंदी घातली होती त्या कार्टूनवर!

चिरंजीव : २००८ मध्ये. पुढं काटछाट करून परत आला.

अध्यक्ष : कापावंच लागलं ना शेवटी?

चिरंजीव : कारण मुळात ते लहान मुलांचं नव्हतंच. योशितो उसुई नावाच्या चित्रकारानं ते मोठ्या माणसांच्या साप्ताहिकात काढलं होतं. टीव्हीवर आलं १९९२ मध्ये.

कारखानदार : म्हणजे होतं आईबापांचं, पोरांनी पळवलं. आमच्याकडं फराळाचं तसंच होतं.

अध्यक्ष : विषय भरकटतोय. माझं म्हणणं एवढंच की संस्कार ही गोष्ट घरातून, आईवडिलांकडून, म्हणजे प्रामुख्यानं वडिलांकडून...

(अध्यक्षांच्या खिशातला मोबाईल वाजतो. शिनचॅनच्या आवाजात : ‘अध्यक्ष, वर्गणी आली! अध्यक्ष, वर्गणी आली!’)

खजिनदार : (ताडकन उठून) कुठं आली?

अध्यक्ष : (चिरंजीवांकडं बघत) हे कधी केलंस?

चिरंजीव : नागोठण्याला. तुम्ही झोपला होतात.

कारखानदार : आवाज हुबेहूब आहे हो.

अध्यक्ष : घरी चल, मग दाखवतो. (कारखानदाराला) असं आहे बघा! हे मी एकटाच सोसतोय असं नाही. जगभर तक्रारी आहेत.

चिरंजीव : हो, आहेत. बार्टचं चित्र असलेल्या टी-शर्टवर १९९० मध्ये अमेरिकेतल्या काही शाळांनी बंदी घातली. अभ्यासात मागं असल्याची फुशारकी होती त्यावर. आणि थोरले बुश होते ना, ते तर १९९२ मध्ये भाषणात म्हणाले की अमेरिकन कुटुंबं सिम्पसनसारखी नसावीत.

अध्यक्ष : थोरले बुश म्हणजे?

चिरंजीव : अमेरिकेचे अध्यक्ष.

अध्यक्ष : (खुलून) अध्यक्ष! बघा, अध्यक्षाच्या जागेवर बसलं की दूरचं दिसतं. मग पुढं काय झालं?

चिरंजीव : त्याच वर्षी निवडणूक हरले. सिम्पसन अजून चालू आहे.

(शांतता.)

खजिनदार : आपल्या मंडळाची निवडणूक कधी आहे?

अध्यक्ष : गणपती झाल्यावर.

कारखानदार : चहा सांगू का?

अध्यक्ष : सांगा. आणि एक करा, परदेशी नकोच. आपला मराठी खोडकर घेऊ.

कारखानदार : चिंटू घ्या. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकरांचा. १९९१ पासून घराघरांत ओळखतात.

अध्यक्ष : नको. चिंटू लोकांना आवडतो.

कारखानदार : बोक्या सातबंडे?

अध्यक्ष : प्रभावळकरांचा ना? तो उचापती करतो आणि शेवटी सगळ्यांचं भलं करून जातो. आम्हाला पुरता बिघडलेला पाहिजे.

कारखानदार : मराठीत मिळायचा नाही, शेठ. आपल्याकडचा खोडकर पोरगा शेवटच्या पानापर्यंत सुधारतोच. फार तर परीक्षेत कमी मार्क पडतील, पण बुडणाऱ्याला वाचवणार, चोर पकडून देणार. पुरता बिघडलेला बाहेरूनच मागवावा लागेल.

खजिनदार : बाहेरून नको. वाहतूक परवडत नाही.

कारखानदार : शिवाय माझं ऐका, हे फॅशनचं खातं आहे. त्या कोपऱ्यात बघा, ते सगळे पडीक साचे. बाहुबली आला तेव्हा जो येईल त्याला खांद्यावर शिवलिंग घेतलेला गणपती हवा. दोन हंगाम चालला, मग कोणी विचारेना. पुढं पुष्पा आला. दाढीखालून हात फिरवणारा गणपती द्या म्हणाले. मी म्हटलं, अरे बाप्पाला दाढी कुठली, सोंड आहे! तर म्हणे, सोंडेखालून फिरवा. केला. सिनेमा थिएटरातून उतरला आणि साचा माळ्यावर चढला. आणि हा बघा, बाळगणेश. २००७ मध्ये त्याचं कार्टून आलं होतं थिएटरात. तेव्हापासून मागणी आहे ती आजपर्यंत. का सांगा?

अध्यक्ष : देव आहे म्हणून.

कारखानदार : ते तर सगळेच आहेत. हा लाडवाकडं तिरका बघतोय म्हणून. आखणी करताना बुबुळ एवढंसं कोपऱ्यात सरकवतो आम्ही. सुताइतकं. तेवढ्यानं चेहऱ्यावर खोडी येते. सरळ समोर बघणारा बाळगणेश फळीवर तसाच राहतो. गिऱ्हाईक तोंडानं म्हणतं, ‘शांत, सात्त्विक दाखवा’, आणि पाटावर घेऊन जातं ते तिरका बघणाराच. बाजारात खोडीला मरण नाही. आम्ही तिला सोवळं नेसवतो, एवढंच.

खजिनदार : तिरक्या डोळ्यांचे जास्त पडतात का?

कारखानदार : नाही. पण आखणीचा हात वेगळा लागतो. अख्ख्या कारखान्यात आखणी दोघांनाच जमते. बाकीचे पितांबर रंगवतात.

अध्यक्ष : बरं. आमच्या मुलाचं काय करताय?

कारखानदार : उभा राहा रे बाळा. इकडं तोंड कर. (निरखून बघत) सगळी गंमत भुवयांत आहे. त्या शिनचॅनच्या भुवया पुसा, कोणाचंही पोर होईल. हे पोरगं घ्या, भुवया दाट आहेत, डोळे चुळबुळे. पुढ्यात माणूस असला की मातीकाम लवकर होतं. ह्याचाच चेहरा घालू.

अध्यक्ष : माझ्या मुलाचं तोंड? रोह्याच्या भर चौकात? बिघडलेला म्हणून?

चिरंजीव : मला चालेल.

अध्यक्ष : मला चालणार नाही!

कारखानदार : मग तुमचा रागवायचा प्रश्न तसाच राहतो. मी म्हणतो, बाप्पाला आशीर्वाद देऊ द्या. रागवायला बापाची मूर्ती उभी करू. त्याला दोन्ही हात मोकळे आहेत.

चिरंजीव : एका हातात मोबाईल द्या. बाबा रागावतात तेव्हा असतोच.

खजिनदार : आणखी एक मूर्ती म्हणजे आणखी एक साचा. रोह्याचे चिंतामणराव देशमुख १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. मी त्या गावचा खजिनदार आहे. दोन साचे मंजूर होणार नाहीत.

कारखानदार : आमच्या पेण तालुक्यात गागोद्याला विनोबा जन्मले. त्यांना लोकांनी जमिनी दिल्या, मला कोणी प्लास्टरसुद्धा उधार देत नाही. पण दुसरा साचा लागतोय कुणाला? (अध्यक्षांकडं आणि चिरंजीवांकडं आळीपाळीनं बघत) भुवया एक, नाक एक, हनुवटी एक. एकाच साच्यात दोन मूर्ती काढतो. एकीला मिशी चिकटवली की बाप झाला. धड थोडं वाढवून देतो.

खजिनदार : मंजूर!

अध्यक्ष : अहो, थांबा! लोक काय म्हणतील? मंडळाच्या अध्यक्षाचाच पुतळा, पोरावर ओरडतोय, आणि पोरगं पण त्याचंच!

चिरंजीव : बाबा, निवडणूक आहे ना? बॅनर लावला तर दोन दिवसांत कोणीतरी फाडतो. हे दहा दिवस चौकात, लाइटखाली, तेही बाप्पाच्या शेजारी.

(अध्यक्ष विचारात पडतात. चहा येतो. अध्यक्ष अर्धा कप संपेपर्यंत बोलत नाहीत.)

अध्यक्ष : मिशी जरा भरघोस करा.

कारखानदार : करतो.

अध्यक्ष : आणि चेहरा फार रागीट नको. समजूतदार, पण कडक.

कारखानदार : म्हणजे डोळा तिरका?

अध्यक्ष : किंचित.

खजिनदार : विषयाचा फलक तोच राहू दे. रंगवायला टाकलाय, पैसे दिलेत.

चिरंजीव : शिनचॅनचं काय?

कारखानदार : मोबाईलच्या पडद्यावर काढू बोटभर. भुवया आल्या की झालं. (वही उघडून) लिहून घ्या. बाप्पा शाडूचा, साडेतीन फूट. बाप-लेक प्लास्टरचे, काथ्या घालून, एका साच्यातले. मिशी एक. मोटर एक, ती बापाच्या हाताला. निम्मे पैसे आज, बाकीचे माल उचलताना. टेम्पो तुमचा, खाली पेंढा दाट घालून आणा, आणि नागोठण्यापर्यंत हळू चालवायला सांगा. कारखान्याबाहेर मूर्ती तडकली तर बदलून मिळत नाही.