बटणांचे खातेवाटप
(दिल्ली, नोएडा, गुरुग्राम, गाझियाबाद व फरीदाबाद येथील मराठी अंतराळवीरांसाठी मार्गदर्शक सूचना)

अंतराळात जायचे दोन रस्ते आहेत. एक हवाई दलातून जातो, त्याला तब्येत लागते. दुसरा नेहरू प्लेसमधून जातो, त्याला घरच्यांची मंजुरी लागते. सदर सूचना दुसऱ्या रस्त्याने निघालेल्यांसाठी आहेत.

यान म्हणून येथे ‘एलिट डेंजरस’ हा खेळ गृहीत धरला आहे. तो डिसेंबर २०१४ मध्ये आला. त्यात आपली आकाशगंगा खऱ्या मापाने उभी केली असून तारकाप्रणाली सुमारे ४०० अब्ज आहेत. यान कीबोर्ड-माउसवर उडते, साध्या गेमपॅडवर तर फारच छान उडते. ही शेवटची माहिती गोपनीय समजावी. स्टिक (यान वळवायचा दांडा) आणि थ्रॉटल (वेगाचा दांडा) घरात येईपर्यंत ती कोणाजवळही बोलू नये.

१. खर्चाचे समर्थन

खर्चाला इतिहास जोडला की त्याची गुंतवणूक होते. त्यासाठी १९८४ हे साल पाठ करावे. त्या वर्षी ३ एप्रिलला राकेश शर्मा सोयुझ टी-११ मधून अंतराळात गेले. त्याच वर्षी सप्टेंबरात डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल या केंब्रिजच्या दोन विद्यार्थ्यांनी मूळचा ‘एलिट’ बाजारात आणला, तो बीबीसी मायक्रो या संगणकासाठी. आणि १९८४-८५ मध्येच भारत सरकारने शाळांसाठी ‘क्लास’ नावाची संगणक-साक्षरता योजना काढली, २५० शाळांपासून सुरुवात केली आणि यंत्र निवडले तेही बीबीसी मायक्रोच. सरकारचा हेतू वेगळा होता, पण ते सांगण्याची जबाबदारी आपली नाही.

यानंतर एखाद्या रविवारी कुटुंबाला तीन मूर्तीच्या नेहरू तारांगणात न्यावे. शर्मा ज्या कुपीत बसून ११ एप्रिलला परतले ती तिथे ठेवली आहे. ती टी-११ ची नसून टी-१० ची आहे. वर जाताना एक यान, येताना दुसरे. हा तपशील सहज बोलता-बोलता टाकला की आपला अभ्यास दिसतो. मग कुपीजवळ उभे राहून मूळ मुद्दा काढावा. सोयुझच्या कमांडरला दोन दांडे असतात. डाव्या हाताने यान पुढे-मागे, वर-खाली, आजूबाजूला सरकवायचे आणि उजव्या हाताने ते जागच्या जागी वळवायचे. म्हणजे एका दांड्यावर भागत नाही, हे रशियनांनीच सिद्ध केले आहे.

येथे एक धोका संभवतो. शुभांशु शुक्ला जून २०२५ मध्ये ज्या ड्रॅगन यानातून गेले, त्यात वैमानिकासमोर दांडे नाहीत, टचस्क्रीन आहेत. घरातल्या शाळकरी मुलाने हा विषय काढल्यास त्याला ताबडतोब आइस्क्रीम घेऊन द्यावे.

२. खरेदी

नेहरू प्लेस रविवारी बंद असते, तेव्हा रजा टाकावी. तिथे लॅपटॉपचा पडदा उभ्या उभ्या बदलून मिळतो, प्रिंटरची शाई मिळते. मात्र स्टिक विचारली की दुकानदार आपल्याकडे हळव्या नजरेने पाहतो. ‘‘जॉयस्टिक? वो अब कौन लेता है, भाईसाहब. गेमपैड ले जाइए, बच्चा खुश हो जाएगा.’’ बच्चा कोण, याचा खुलासा करीत बसू नये.

कॅनॉट प्लेसखालच्या पालिका बाजारात जुना माल निघतो. तिथे भाव करता आला तरी मालाची पारख आली पाहिजे. स्टिकच्या पोटात हाताची हालचाल मोजणारा सेन्सर असतो. स्वस्त स्टिकमध्ये तो पोटेन्शिओमीटर असतो. कार्बनच्या पट्टीवर एक काटा घासत फिरतो, पट्टी झिजते, धूळ बसते आणि मग आपण हात न लावता यान डुलू लागते. मे-जूनची आंधी आणि दिवाळीनंतरची हवा लक्षात घेता एनसीआरमध्ये हे लवकर होते. हॉल सेन्सर चुंबकावर चालतो, त्यात घासणारे काही नसते. थ्रस्टमास्टरच्या टी.१६०००एम या स्टिकमध्ये मुख्य दोन अक्षांना हॉल सेन्सर आहे, शिवाय ती डाव्या हातासाठीही जुळवून घेता येते. घरात डावखुरे कोणी नसले तरी हा गुण मंजुरीच्या वेळी उपयोगी पडतो.

३. स्थापना

थ्रॉटल डावीकडे, स्टिक उजवीकडे, मध्ये कीबोर्ड. जेवणाच्या टेबलावर स्थापना करणाऱ्यांनी विसर्जनाची वेळ आधीच विचारून घ्यावी. टेबल उंच असेल तर खुर्ची वर घ्यावी. कोपर मुठीच्या पातळीला आले नाही, तर अर्ध्या तासात खांदा बोलू लागतो.

खेळ उघडण्याआधी विंडोजच्या शोधपट्टीत ‘जॉय डॉट सीपीएल’ टाइप करावे. चाचणीची खिडकी उघडते. तिच्यात एक पांढरा चौकोन आणि त्यात अधिकचे बारीक चिन्ह दिसते. स्टिक हलवली की चिन्ह धावते, सोडली की मध्यावर येते. बटण दाबले की खाली त्याच्या क्रमांकाचा लाल दिवा पेटतो. आता दोन्ही हात मांडीवर ठेवून त्या चिन्हाकडे टक लावून पाहावे. ते स्थिर असेल तर पुढे चालावे. थरथरत असेल तर खेळातल्या सेटिंगमध्ये त्या अक्षाला डेडझोन द्यावा, म्हणजे मध्याच्या आसपासची तेवढी हालचाल यान मनावर घेत नाही. डेडझोन शून्यापासून हळूहळू वाढवावा आणि डुलणे थांबले की तिथेच थांबावे. जास्त दिला तर आपण स्टिक ओढत राहतो आणि यान सरळच जाते.

अक्षांचे काम असे लावावे. स्टिक पुढे-मागे केली की नाक खाली-वर: हा पिच. डावी-उजवीकडे झुकवली की यान कुशीवर वळते: हा रोल. मूठ पिळली की नाक डावी-उजवीकडे: हा यॉ. या खेळात यॉ मुद्दामच मंद ठेवला आहे. मोटार चालवणारा माणूस सवयीने मूठ पिळत बसतो आणि समोरचा लुटारू मागून येऊन गोळ्या घालून जातो. आधी रोल करावा, मग स्टिक पोटाशी ओढावी. यान झटकन वळते.

थ्रॉटलसाठी खेळ दोन पर्याय देतो. एकात दांडा मध्यावर म्हणजे यान थांबलेले, मागे ओढला की उलटे. दुसऱ्यात दांडा पूर्ण मागे म्हणजे थांबलेले, उलटे जायला वेगळे बटण. दुसरा घ्यावा, दांड्याचा सगळा पल्ला वेगासाठी मिळतो. वेगाच्या पट्टीवर मधोमध एक निळा भाग दिसतो. यान सर्वांत चपळ वळते ते त्या वेगात. पूर्ण वेगात ते वळायला वेळ लावते. रिंगरोडवर शिकलेल्या चालकांना हे पटायला जड जाते.

४. खातेवाटप

हा या मार्गदर्शनाचा गाभा. राजधानीत राहणाऱ्याला याचे वेगळे प्रशिक्षण लागू नये.

ट्रिगर म्हणजे गृहखाते. ते मुख्य शस्त्राला द्यावे. तिथे तडजोड नाही. अंगठ्याजवळचे लाल बटण दुसऱ्या शस्त्राला. अंगठ्याखालची चार दिशांची हॅट हे अर्थखाते. तिच्यावर वीजवाटप ठेवावे. यानाकडे ऊर्जेचे एकूण सहा ठिपके असतात. मागणारे तिघे: संरक्षण, इंजिन आणि शस्त्रे. एकाला चारच्या वर देता येत नाही. गोळीबार चालू असताना तिघेही एकदम हात पुढे करतात, म्हणून हे खाते नजर न हलवता सापडले पाहिजे.

डाव्या हाताकडे, म्हणजे थ्रॉटलवर, दळणवळण द्यावे: बाजूला सरकणे, वर-खाली सरकणे आणि बूस्ट, म्हणजे एकदम जोर. एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. बूस्ट आणि उतरण्याचे पाय यांची बटणे शेजारी-शेजारी बसवू नयेत. पाय बाहेर काढायला गेलेले बोट अर्धा इंच चुकले की यान तळाच्या भिंतीत पूर्ण जोराने शिरते आणि वाटपकर्त्याला जबाबदारी टाळता येत नाही.

करंगळीच्या बटणाला स्वतःचे खाते देऊ नये. त्याला इतरांचा अतिरिक्त कार्यभार द्यावा. ते दाबून धरले असता प्रत्येक बटण दुसरे काम करते, आणि मंत्रिमंडळ न वाढवता खाती दुप्पट होतात. घात इथेच होतो. दुप्पट जागा दिसल्या की माणसाला प्रत्येक जागा भरावीशी वाटते. यानाच्या दिव्यांना एक बटण, मालाची दारे उघडायला एक, आकाशगंगेच्या नकाशाला एक. चौथ्या दिवशी नकाशा उघडायला जावे तर सगळा माल अंतराळात सांडतो. जे काम निवांतपणी करायचे, ते कीबोर्डवरच राहू द्यावे. काही बटणे बिनखात्याची राहिली तर त्यांची नाराजी कुठे छापून येत नाही.

५. जतन

वाटप झाले की खेळ ते एका फाइलमध्ये लिहितो. लोकल अ‍ॅपडेटा, फ्रंटियर डेव्हलपमेंट्स, एलिट डेंजरस, ऑप्शन्स, बाइंडिंग्ज, असे एकात एक फोल्डर उघडत गेले की ती सापडते. तिची प्रत पेनड्राइव्हवर ठेवावी. सोसायटीत वीज गेली की डीजी सेट सुरू होतो, पण तेवढ्या दोन-चार सेकंदांत यूपीएस नसलेला संगणक मान टाकतो आणि ‘अप्लाय’ न दाबलेले सगळे वाटप रद्दबातल होते. दुसरे संकट घरगुती. कोणीतरी मोबाइल चार्ज करायला थ्रॉटलची वायर काढते. खेळ सुरू होताना थ्रॉटल सापडला नाही, तर तो आपले वाटप बाजूला सारून मूळ सेटिंगवर जाऊ शकतो. अशा वेळी घरात आवाज चढवू नये. मोबाइल बहुधा ज्यांनी खरेदीला मंजुरी दिली त्यांचाच असतो.

६. पहिले उड्डाण

अंतराळस्थानकापासून ७.५ किलोमीटरच्या आत आल्यावर उतरण्याची परवानगी मागावी. परवानगी मिळाली की दहा मिनिटे हातात असतात. स्थानक स्वतःभोवती फिरत असते. त्याच्या खाचेतून आत शिरताना हिरवे दिवे उजव्या हाताला हवेत. वेग सेकंदाला १०० मीटरच्या खाली ठेवावा, पाय बाहेर काढावेत. परवानगीविना आत रेंगाळणाऱ्यावर स्थानक तोफा चालवते. दंड भरून सुटण्याची सोय नाही.

नेमके याच वेळी स्वयंपाकघरातून ‘‘अहो, पाने वाढली आहेत’’ अशी हाक येते. या खेळाला पॉज नाही. तो एकट्याने खेळला तरी इंटरनेटवरच चालतो. हे तांत्रिक कारण स्वयंपाकघरात ग्राह्य धरले जात नाही. यान उडवून द्यावे, पण आमटी निवू देऊ नये. यानाचा विमा असतो.

जेवून आल्यावर चूक आपली नव्हती, बटणांची होती, असे मनात येईल आणि वाटप पुन्हा करण्याची इच्छा होईल. या छंदातले बहुतेक जण इथेच अडकतात. त्यांची सेटिंग दर आठवड्याला सुधारते आणि यान हँगरमध्ये उभे राहते. हात एकदा सरावला की वाकडेतिकडे वाटपही चालून जाते. रोज बदलणाऱ्या उत्तम वाटपाला हात सरावतच नाही. तेव्हा विनंती एवढीच: पेनड्राइव्ह कपाटात ठेवा, महिनाभर एकाही बटणाचे खाते बदलू नका आणि रोज एकदा तरी यान खाचेतून आत नेऊन उतरवा.