न पाहिलेल्या पंचवीस संघांना क्रमांक कसे द्यावेत

सर्वप्रथम, मतदाराने शनिवारचा सामना हरू नये. हरलेल्या प्रशिक्षकाला रविवारी सकाळी देशातले सगळेच संघ आपल्यापेक्षा सरस वाटू लागतात, आणि मतपत्रिकेवर जागा असतात पंचवीसच. जिंकलेल्याची अडचण वेगळी असते. आपण ज्याला हरवले तो संघ त्याला एका रात्रीत फार थोर वाटू लागतो.

अमेरिकन कॉलेज फुटबॉलची वरची पायरी साऱ्या जगाला दिसते. लाखभर प्रेक्षकांची मैदाने तिथे, टीव्हीचे अब्जावधी डॉलरचे करारही तिथेच. त्याच इमारतीच्या खालच्या मजल्यांवर एफसीएस, डिव्हिजन दोन आणि डिव्हिजन तीन नांदतात, आणि अंगणात एनएआयए नावाची स्वतंत्र संघटना आहे. डिव्हिजन दोनमध्ये दीडशेहून अधिक आणि डिव्हिजन तीनमध्ये दोनशेहून अधिक महाविद्यालये फुटबॉल खेळतात. डिव्हिजन तीनमध्ये तर खेळाबद्दल शिष्यवृत्ती देण्याची सोयच नाही. पोरे फी भरून हाडे मोडून घेतात. या साऱ्यांत श्रेष्ठ कोण, हे हंगामात दर आठवड्याला प्रशिक्षकच मतदान करून सांगतात. त्याला म्हणतात कोचेस पोल. टेक्सासमधल्या वेको गावी कचेरी असलेली, १९२२ साली स्थापन झालेली प्रशिक्षकांची संघटना एएफसीए डिव्हिजन दोनसाठी हा कौल २००० पासून घेते आहे. पद्धत सोपी आहे. पहिल्या क्रमांकाला २५ गुण, दुसऱ्याला २४, असे उतरत पंचविसाव्याला एक. बेरीज करायची, यादी जाहीर करायची. बेरीज कोणालाही जमते. त्याआधीच्या कामासाठी मार्गदर्शनाची गरज असते.

मतदाराने आपले वेळापत्रक समजून घ्यावे. शनिवारी त्याचा स्वतःचा सामना असतो. इतर सगळ्यांचे सामनेही शनिवारीच असतात, बहुतेक त्याच वेळी. रविवारी सकाळी आदल्या दिवसाचे चित्रण पाहायचे, दुपारी पुढच्या प्रतिस्पर्ध्याचे. मधल्या वेळात एखाद्या जखमी खेळाडूच्या आईशी फोनवर बोलायचे, आणि त्यातच मतपत्रिका पाठवायची. एकूण हंगाम दहा-अकरा सामन्यांचा. म्हणजे सप्टेंबरअखेरपर्यंत सामान्य मतदाराने प्रत्यक्ष पाहिलेले संघ चार-पाच, त्यातला एक स्वतःचा. उरलेल्या जागा त्याने न पाहिलेल्या संघांना द्यायच्या आहेत. यात संकोच बाळगू नये. पाहिलेल्या संघाविषयी माणसाचे मत डळमळीत होते: डावा बचाव कच्चा होता, पण पाऊस होता, पण पंचही तसेच होते. न पाहिलेल्या संघाविषयी मत कसे ठाम राहते!

हे काम दुसऱ्यावर सोपवण्याची परंपराही आहे. प्रत्येक महाविद्यालयात आकडेवारी सांभाळणारा, बातम्या पाठवणारा एक क्रीडा माहिती अधिकारी असतो. अनेक प्रशिक्षकांच्या मतपत्रिकांवर त्याचा हात फिरतो, हे वरच्या पायरीवरही उघड गुपित आहे. तेव्हा मतदाराने त्याला नाराज करू नये. देशाचा अकरावा क्रमांक कदाचित तोच ठरवत असेल.

आता प्रत्यक्ष यादी. नवी यादी नव्याने करण्याचा अविचार टाळावा. थोरल्या मुलीच्या लग्नाची आमंत्रण-यादी काढून धाकटीच्या वेळी तीच पुढे चालवतात, गेलेल्यांची नावे खोडतात आणि रुसलेल्यांना वर घेतात, तसे मागच्या डिसेंबरची यादी समोर ठेवून करावे. काही नावे तर वाडवडिलांपासून चालत आलेली असतात. डिव्हिजन तीनच्या मतदाराला हात अडखळल्यासारखा वाटला, तर त्याने ‘माउंट युनियन’ असे लिहावे. ओहायोतल्या अलायन्स गावच्या या महाविद्यालयाने १९९३ ते २०१७ दरम्यान तेरा राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. त्यांचे प्रशिक्षक लॅरी केरेस निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या नावावर ३३२ विजय, २४ पराभव आणि तीन बरोबरी होती. संघाने एकदा सलग ५४ सामने जिंकले, मग एक गमावला, आणि लगेच सलग ५५ जिंकले. ती दुसरी मालिका २००३च्या अंतिम सामन्यात मिनेसोटाच्या सेंट जॉन्सने २४–६ अशी मोडली.

त्याहून सुखाचा काळ २००५ ते २०११ हा होता. या सातही वर्षी अंतिम सामना माउंट युनियन आणि विस्कॉन्सिन-व्हाइटवॉटर यांच्यातच झाला. ऑगस्टमध्ये ज्याने पहिल्या दोन ओळी या दोघांच्या नावाने भरल्या, त्याला डिसेंबरात खोडरबर लागला नाही. फार तर दोन नावांची अदलाबदल करावी लागली. उरलेल्या तेवीस जागांवर कोणाला बसवले, याची चौकशी करायला कोणी आले नाही.

देशाच्या दुसऱ्या टोकालाही असाच आधार सापडतो. ऑरेगनच्या मॅकमिनविल गावातल्या लिनफिल्डचा १९५६ पासून पराभवांपेक्षा विजय जास्त नसलेला हंगाम शोधून सापडत नाही. पेनसिल्व्हेनियातल्या प्रशिक्षकाने लिनफिल्डला कधी खेळताना पाहिलेले नसते, पाहण्याचा संभवही नसतो, पण त्यांचे नाव यादीत न लिहिण्याचे धाडस तो सहसा करत नाही.

नावाचाच विषय निघाला आहे, तर एक सूचना. टोपणनावावरून ताकद जोखू नये. मिसिसिपीतल्या डेल्टा स्टेटचे अधिकृत नाव ‘स्टेट्समेन’, म्हणजे मुत्सद्दी. विद्यार्थ्यांना ते फारच गुळमुळीत वाटले, म्हणून त्यांनी अनधिकृत मानचिन्ह निवडले: लढाऊ भेंडी. हातात बॉक्सिंगचे मोजे घातलेली, चिडलेली भेंडी. याच महाविद्यालयाने २००० साली डिव्हिजन दोनचे राष्ट्रीय विजेतेपद जिंकले. आर्कान्सा-माँटिसेलोचे पुरुष खेळाडू स्वतःला ‘बोल वीव्हिल’ म्हणवतात. हा कापसाच्या बोंडावरचा सोंडकिडा. आपल्या विदर्भाने सोसलेल्या बोंडअळीचा हा अमेरिकी भाऊबंद. त्याने तिकडच्या शेतकऱ्याला इतके रडवले की शेवटी लोकांनी त्यालाच जर्सी चढवली. मिनेसोटातल्या कॉन्कॉर्डियाचे खेळाडू मक्याची कणसे आहेत. कॅन्ससमधल्या पिट्सबर्ग स्टेटचे गोरिला आहेत. नावाला जागणारे म्हणायचे तर हेच. गोरिला आणि कणीस यांच्यात वरचा क्रमांक कोणाचा, असा प्रश्न पडला तर मतदाराने भावनेच्या आहारी न जाता आधी पाहावे, की दोघे एकाच डिव्हिजनमध्ये आहेत का. ते नाहीत.

फक्त निकाल वाचून मत देणाऱ्याने एक पथ्य पाळावे: संघ खरोखर अस्तित्वात असल्याची खात्री करावी. १९४१ च्या शरद ऋतूत न्यू जर्सीचे प्लेनफिल्ड टीचर्स कॉलेज एकामागून एक सामने जिंकत सुटले होते. निकाल न्यूयॉर्कच्या बड्या वर्तमानपत्रांत छापून येत होते. त्यांचा जॉनी चंग नावाचा हाफबॅक सामन्याच्या मधल्या सुट्टीत भात खातो आणि म्हणून कोणाला आवरत नाही, अशीही माहिती होती. कॉलेज नव्हते, संघ नव्हता, चंगही नव्हता. वॉल स्ट्रीटवरचा मॉरिस न्यूबर्गर नावाचा शेअर दलाल दर शनिवारी फोन करून निकाल कळवत असे, आणि छोट्या कॉलेजांचे निकाल कोण तपासून पाहतो? बिंग फुटेपर्यंत प्लेनफिल्ड अजिंक्य होते. साप्ताहिक क्रमवारीला हवे ते सारे गुण त्या संघात होते.

यापुढचा भाग हरलेल्यांविषयी आहे, आणि खरी कारागिरी इथेच लागते. जिंकलेल्याला जागेवरून हलवू नये, वरचा कोणी घसरला तर त्याला आपोआप सरकू द्यावे. हरलेल्याला खाली ढकलावे. किती, ते महिन्यावर अवलंबून असते. सप्टेंबरातला पराभव नोव्हेंबरपर्यंत विरून जातो. नोव्हेंबरातला पराभव मात्र विजेतेपदासारखा लक्षात राहतो. वरच्या क्रमांकाच्या संघाकडून थोडक्यात हरणे याला ‘चांगला पराभव’ म्हणतात, आणि काही प्रशिक्षक तो मिळवण्यात वाकबगार असतात. ज्याचा सामनाच नव्हता तो संघ एक-दोन जागा वर चढतो. विश्रांतीचे एवढे रोख फळ दुसऱ्या खेळात मिळत नसावे.

अवघड प्रसंगही येतात. २०२२ च्या ऑक्टोबरात मिशिगनमधल्या ग्रँड व्हॅली स्टेटने तासाभराच्या अंतरावरच्या फेरिस स्टेटला २२–२१ असे हरवले. प्रश्न मिटला, मतदारांनी ग्रँड व्हॅलीला वर ठेवले, त्यात गैर काही नव्हते. पण डिव्हिजन दोनचे प्लेऑफ विभागवार होतात, दोन्ही संघ एकाच विभागातले, त्यामुळे डिसेंबरात दोघे पुन्हा समोरासमोर आले, तेही उपांत्यपूर्व फेरीतच. ग्रँड व्हॅलीच्या मैदानावर फेरिसने त्यांना घरी बसवले, आणि पुढे अंतिम सामन्यात कोलोरॅडो स्कूल ऑफ माइन्सचा ४१–१४ असा फडशा पाडून विजेतेपद नेले. अशा वेळी मतदाराने डिसेंबरची यादी डिसेंबरात करावी आणि ऑक्टोबरची फाइल पुन्हा उघडू नये.

पंचविसावी जागा ही मतदाराची खासगी मालमत्ता समजावी. तिथे एक गुण असतो आणि त्याने कोणाचे वाकडे होत नाही. स्टीव्ह स्परियर हे वरच्या पायरीवरचे नामांकित प्रशिक्षक. पूर्वी ते ड्यूक विद्यापीठात होते, आणि १९८९ मध्ये त्यांनी त्या संघाला आपल्या कॉन्फरन्सचे संयुक्त विजेतेपद मिळवून दिले होते. पुढे ते इतरत्र गेले, ड्यूक वर्षानुवर्षे हरत राहिले, तरी स्परियर हंगामापूर्वीच्या मतपत्रिकेत ड्यूकला एक मत नेमाने देत. खालच्या डिव्हिजनमध्ये असे एक मत पडले की यादीच्या तळाशी ‘मते मिळालेले इतर संघ’ या ओळीत त्या महाविद्यालयाचे नाव येते. माहिती अधिकारी तेवढ्यावर अख्खे प्रसिद्धिपत्रक काढतो. एका प्रशिक्षकाच्या जुन्या मैत्रीची ही राष्ट्रीय नोंद झाली.

या कौलाच्या हाती एके काळी खरी सत्ता होती. यूपीआय या वृत्तसंस्थेने १९५८ पासून छोट्या महाविद्यालयांसाठी प्रशिक्षकांचा कौल घ्यायला सुरुवात केली, एपी या दुसऱ्या वृत्तसंस्थेने १९६० पासून पत्रकारांचा. तेव्हा प्लेऑफ नव्हते. कौलात जो पहिला तोच राष्ट्रीय विजेता. १९६८ मध्ये पत्रकारांनी नॉर्थ डकोटा स्टेट निवडले, प्रशिक्षकांनी सॅन दिएगो स्टेट, आणि दोघांनीही आपापल्या गावी विजेतेपद साजरे केले. १९७३ मध्ये डिव्हिजन दोन आणि तीन वेगळ्या झाल्या, दोन्हींचे प्लेऑफ सुरू झाले, आणि कौलाचा अधिकार संपला. आज प्लेऑफला कोण जाणार हे समित्या आणि सूत्रे ठरवतात. डिव्हिजन तीनने तर २०२४ पासून हे काम एनपीआय नावाच्या गणिती निर्देशांकाकडे दिले आहे. त्या गणितात कोचेस पोलला शून्य किंमत आहे.

एवढ्याने मतदाराने खचू नये. अधिकार जाण्याचे फायदे वरच्या पायरीवर पाहावेत. तिथे २००४ मध्ये कौलावर खरे पैसे आणि मोठे सामने अवलंबून होते. टेक्सासचे प्रशिक्षक मॅक ब्राउन यांनी टीव्हीवर उघडपणे मतांचे आवाहन केले, टेक्सास कॅलिफोर्नियाच्या पुढे सरकले, गदारोळ झाला, एपीने आपला कौल मोठे सामने ठरवणाऱ्या त्या व्यवस्थेतून काढून घेतला, आणि पुढच्या वर्षापासून प्रशिक्षकांच्या शेवटच्या मतपत्रिका जाहीर करणे भाग पडले. डिव्हिजन तीनमधल्या सोळाव्या क्रमांकासाठी कोणी टीव्हीवर हात जोडल्याचे ऐकिवात नाही. जिथे काही मिळत नाही, तिथे मत बरेचसे प्रामाणिक असते, निदान आळशी तरी.

शेवटची सूचना गणिताची आवड असणाऱ्यांसाठी. १ सप्टेंबर २००७ रोजी एफसीएसच्या अॅपलॅचियन स्टेटने देशात पाचव्या असलेल्या मिशिगनला त्यांच्याच मैदानावर, लाखावर प्रेक्षकांसमोर, ३४–३२ असे हरवले. मिशिगन एपीच्या यादीतून थेट बाहेर फेकले गेले. एपीने नियम बदलून खालच्या पायरीवरच्या संघालाही मत देण्याची मुभा दिली. वरच्या पायरीच्या प्रशिक्षकांच्या कौलात मात्र अॅपलॅचियनला जागा नव्हती ती नव्हतीच. त्याच महिन्यात या अॅपलॅचियनला दक्षिण कॅरोलायनातल्या वोफर्ड या छोट्या महाविद्यालयाने ४२–३१ असे हरवले. १ जानेवारीला मिशिगनने फ्लोरिडाला हरवले, आणि फ्लोरिडा आदल्या हंगामाचे राष्ट्रीय विजेते होते. या साखळीने वोफर्ड फ्लोरिडाच्या वर बसते. मतदाराने हा हिशेब कागदावर मांडावा, माहिती अधिकाऱ्याला दाखवावा, दोघांनी हसून घ्यावे, आणि वोफर्डला विसाव्याच्या आसपास कुठेतरी लिहून मतपत्रिका वेळेत पाठवून द्यावी.