शून्य कचरा, फाटकापर्यंत

चाकणच्या मोटार कारखान्यांत पत्रा कापून उरलेला तुकडाही पुन्हा भट्टीकडे जातो, म्हणून ‘शून्य कचरा’ मिरवता येतो. हिशेब खोटा नाही, फक्त फाटकाशी थांबतो. पुढे तीच गाडी तिसऱ्या-चौथ्या मालकाच्या हातून सुटून नांदेड-लातूरच्या भंगारात येते. भंगारवाला सगळं वसूल करतोच की, असं कुणी म्हणेल. करतो ना! लोखंड, तांबं, बॅटरीतलं शिसं. पण सीटचा फोम, डॅशबोर्डचं प्लास्टिक यांना भाव नाही, आणि काळं ऑइल मुरवायला मराठवाड्याची जमीन फुकट आहे. १ एप्रिल २०२५पासून केंद्राच्या नियमांनी मोडीतल्या वाहनांची जबाबदारी उत्पादकावर टाकली खरी; ती मोजतात मात्र पोलादात, आणि भंगार केंद्राचं प्रमाणपत्र विकत घेऊनही भागतं. फोमला तिथेही वजन नाही.