दहा बाय दहा

आमचे भावोजी कुणाच्याही घरी गेले की नमस्कार-चमत्काराच्या आधी एक खणखणीत टाळी वाजवतात, मान तिरकी करून कानोसा घेतात आणि सुतकी चेहऱ्यानं सांगतात, "फ्लटर आहे." यजमान पंख्याकडे बघतात; भावोजींना म्हणायचं असतं, की टाळी समोरासमोरच्या भिंतींत फडफडतेय. एका लग्नात ऐन मंगलाष्टकांत त्यांनी कार्यालयाची अशीच परीक्षा घेतली. लग्न लागलं असं समजून बँडवाल्यांनी ताशा बडवायला घेतला.

मुळात त्यांना फक्त घरी पेटी रेकॉर्ड करायची होती. कोथरूडच्या फ्लॅटमधली मागची खोली त्यासाठी ठरली. दहा बाय दहा. चौरस खोली म्हणजे आवाजाची साडेसाती; लांबी-रुंदी सारखी, त्यामुळे साधारण ५६ हर्ट्‌झचा एकच खर्ज दोन्हीकडून घुमतो. भावोजी त्याला नुसतं 'तो' म्हणतात. "तो कोपऱ्यात बसलाय," असं ते रात्री पुटपुटले, तेव्हा ताईनं गुपचूप कोपऱ्यात अंगारा टाकला.

उपाय म्हणून भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवा, असं सुचवणाऱ्याशी ते महिनाभर बोलत नाहीत. (पुठ्ठ्यानं खर्ज हलत नाही, हे खरंच आहे.) त्यांना रॉकवूलच हवं होतं, कारखान्यात बॉयलरभोवती गुंडाळतात ते. घनमीटरला ४८ किलोचं घ्यावं की ६४ चं, यात तीन आठवडे गेले. ताईला पसंत करायला त्यांना इतका वेळ लागला नव्हता. ते भरायच्या चौकटींसाठी पाइनच्या पट्ट्या भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटातून आल्या. राहिलं चौकटीवर ताणायचं कापड. ते तोंडाला लावून फुंकायचं. श्वास आरपार गेला तर आवाजही जाणार. रविवार पेठेतल्या एका दुकानात त्यांनी सतरा तागे फुंकले, अठराव्याला दुकानदारानं हात जोडले. शेवटी मांजरपाट घेतलं.

चौकटी ठोकताना रॉकवूलची कुसं अंगात शिरून आम्ही दोघं दोन दिवस खाजवत होतो. मग आरशाचा कार्यक्रम. भावोजी खुर्चीत, मी भिंतीला आरसा टेकवून सरकवतोय. आरशात स्पीकर दिसेल तिथून आवाज उलटून कानावर येतो, म्हणून तिथं फुली मारून पॅनेल लावायचं.

"दिसला?"

"टक्कल दिसतंय. पुढं सरक."

"आता?"

"आता तुझ्या ताईचा चेहरा दिसतोय. थांबू नकोस!"

ताई दारात उभी होती. "पेटी कधी वाजणार?" एवढंच तिचं विचारणं. त्यावर हार्वर्डच्या सॅबाइनची कथा झाली: १८९५ पासून या माणसानं रात्री-रात्री थिएटरातल्या बैठकांच्या गाद्या वाहून नेल्या, ऑर्गनची नळी वाजवून घुमारा किती सेकंद टिकतो ते मोजलं. "त्याची बायको काय म्हणाली?" ताईनं विचारलं. ते भावोजींनी वाचलेलं नव्हतं.

बारा पॅनेलं लागली, भिंतीपासून दोन इंच सोडून. भावोजींनी टाळी वाजवली. ती गादीवर पडल्यासारखी जागच्या जागी मेली. त्यांचे डोळे भरून आले. मुहूर्ताला पेटी उघडली, भाता हलला, आणि स्वयंपाकघरातून कुकरच्या तीन शिट्ट्या आल्या. पॅनेल खोलीतला घुमारा पितं. बाहेरचा आवाज अडवायला जड भिंती आणि बुजवलेल्या फटी लागतात. पूर्वी शिट्टी नुसती घुमायची. आता ती स्वच्छ, कोरीव, थेट स्टुडिओ दर्जाची ऐकू येते.

गेल्या रविवारी भाचीनं वक्तृत्व स्पर्धेसाठी भाषण पाठवलं. आवाज असा नितळ, की भावोजी ऐकून थक्क. कुठं रेकॉर्ड केलं? तर आईच्या कपाटात डोकं घालून, साड्यांच्या मध्ये, मोबाइलवर.

भावोजी बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी स्वयंपाकघरातला वजनकाटा मागितला आणि ताईला विचारलं, "पैठणी साधारण किती ग्रॅमची असते गं?"

ताईनं कपाटाला कुलूप घातलंय.