मोकळी जागा दिसली की

“सोसायटीच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर पुण्याला गेलंय,” निवृत्त काकांनी जाहीर केलं.

“काका, सॉफ्टवेअर कुठे जात नसतं.”

“आझाद हिंद एक्स्प्रेसनं गेलं. दुर्गला चढलं. मुलगी तिची बाहेरची हार्ड डिस्क घेऊन गेली, आणि तुझा प्रोग्रॅम त्या डिस्कवर होता. आता इथे नेहरूनगरात आयकॉनवर कितीही टिचक्या मारा, कॉम्प्युटर हात वर करतो.”

सेटअप बांधून देणं हेच ज्याचं पोट, तो पुतण्या थोडा सावरून बसला. म्हणाला, “विंडोज इन्स्टॉलरचा नियमच आहे तसा. टार्गेटडिर म्हणजे मुख्य जागा कुणी सांगितली नाही, तर तो रूटड्राइव्ह बघतो. तेही दिलेलं नसेल, तर लिहिता येईल अशा ड्राइव्हांपैकी ज्यावर सगळ्यात जास्त मोकळी जागा, तिथे जातो. सेटअप चालवताना ती डिस्क लावलेली होती ना?”

“होती. लग्नाचे फोटो टाकायला नवीकोरी आणलेली.”

“मग झालं. ती रिकामी, तुमचा सी गच्च भरलेला.”

काका भिलाईच्या स्टील प्लांटमधून निवृत्त झालेले. क्वार्टरच्या अलॉटमेंटसाठी त्यांनी अर्धी नोकरी अर्ज केले होते. “भिलाईत सगळ्यात जास्त मोकळी जागा मैत्रीबागेच्या झूत. म्हणून टाउनशिपवाल्यांनी कुणाला तिथे क्वार्टर दिलं का? पांढऱ्या वाघाच्या शेजारी?”

“नियम १९९९ पासूनचा आहे, ऑफिस २०००सोबत आला तेव्हाचा.”

“पंचवीसच्या वर वर्षं होऊन गेली, आणि अजून वाघाशेजारीच अलॉटमेंट!”

पुतण्या चिडला. प्रोग्रॅम फाइल्सच्या खाली फोल्डर बांधला असता, तर ती जागा विंडोजनंच ठरवली असती, हे त्याला पाठ होतं. पण साध्या युजरला तिथे मनासारखं लिहू देत नाहीत, आणि हा प्रोग्रॅम आपल्या फाइली आपल्याच फोल्डरात लिहिणारा. म्हणून त्यानं फोल्डर थेट टार्गेटडिरखाली ठेवला आणि ड्राइव्ह सांगायचं राहून गेलं.

“सरळ ‘सी’ लिहून टाक ना.”

“तसं ठोकून द्यायचं नसतं. ए आणि बी फ्लॉपीला गेले, म्हणून हार्ड डिस्कला सी मिळाला. विंडोज तिथेच असेल असं कुणी सांगितलंय? विंडोजव्हॉल्यूम नावाची प्रॉपर्टी असते, विंडोज कोणत्या ड्राइव्हवर आहे ते ती सांगते. रूटड्राइव्हला तीच द्यायची, आणि तीही कॉस्टफायनलाइझ या पायरीच्या आधी. त्यानंतर जागांचा हिशेब पक्का होतो.”

“म्हणजे अलॉटमेंट लेटर आधी, सामान मागून. प्लांटची पहिली भट्टी १९५९मध्ये पेटली, तेव्हापासून आम्हाला माहीत आहे हे.”

“आणि स्क्रीनवर ‘ई’ लिहून आलं होतं, ते वाचलं नाहीत तुम्ही! नेक्स्ट दाबत सुटलात.”

“तूच फोनवर म्हणालास, ‘काका, काही वाचू नका, नेक्स्ट दाबत राहा.’”

“ते लायसन्सबद्दल होतं!”

“मग लायसन्सपुरतंच सांगायचं. सोसायटीतले लोक रोज विचारतात, मेंटेनन्सची पावती कधी मिळणार. त्यांना काय सांगू? पावतीबुक सध्या शिवाजीनगरला आहे?”

पुतण्यानं लॅपटॉप उघडला आणि न बोलता रूटड्राइव्हची ओळ घातली. फोल्डरही प्रोग्रॅम फाइल्सखाली सरकवला. काका चष्मा लावून मागे उभे.

“राहायला प्रोग्रॅम फाइल्समध्ये, ठीक. पण तिथे लिहू देत नाहीत म्हणालास. मग हिशेबाची फाइल?”

“ती प्रोग्रॅमडेटात.”

“कुठे आहे ते? मला तर दिसत नाही.”

“लपवलेला फोल्डर असतो तो.”

“कुणापासून लपवलाय?”

“तुमच्यापासूनच, काका.”