परीक्षेला गैरहजर राहिलेल्या निबंधास

प्रिय निबंधा,


गेल्या रविवारी शिक्षक पात्रता परीक्षेच्या, म्हणजे टीईटीच्या, उजळणी वर्गात तुझी फार आठवण झाली. फळ्यावर प्रश्न होता : मुलांच्या अपसारी विचारांना चालना कशाने मिळेल? खाली चार पर्याय. मी म्हटलं, दोन बरोबर वाटताहेत, मुलं कोणत्या इयत्तेतली त्यावर ठरेल. शिकवणारा पोरगा माझ्या माजी विद्यार्थ्यांच्या वयाचा. प्रेमाने म्हणाला, ‘सर, जास्त विचार करू नका. उत्तरसूचीत ब आहे.’

एका प्रश्नाला अनेक वाटांनी भिडणाऱ्या विचाराची परीक्षा, आणि उत्तर ब!

१ सप्टेंबर २०२५ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या, सेवेतल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायचं. केस पिकल्यावर पुन्हा बाकावर. ठीक. जनगणना, निवडणूक आणि रोजचा ऑनलाइन अहवाल यांतून उरलेल्या वेळात अभ्यास करायचा. तेही ठीक. मी तुझ्या भरवशावर होतो रे. हयात तुझ्या वह्या तपासण्यात गेली, भाषेच्या विभागात तू भेटशीलच असं धरून चाललो होतो.

प्रश्नपत्रिका पाहिली. १५० प्रश्न, १५० गुण, अडीच तास. पहिल्या भाषेचे ३०, दुसरीचे ३०. उतारा आहे, समास आहे, म्हणी आहेत. तू कुठेच नाहीस. मी वर्गात जाऊन मुलांना लिहायला शिकवणार, आणि मला स्वतःला सलग चार वाक्यं लिहिता येतात का, याची कुणालाही उत्सुकता नाही. खुल्या गटात ६० टक्के वर्तुळं योग्य जागी काळी झाली की मी पात्र. चुकलं तरी गुण कापत नाहीत, त्यामुळे डोळे मिटून रंगवायलाही मुभा. बरं, २०१९-२०च्या टीईटीत गुण फुगवल्याचं उघडकीला आलं आणि सात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. काळ्या वर्तुळाला हस्ताक्षर नसतं, ते कुणीही रंगवू शकतं. परीक्षा घेणाऱ्यांना लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. आजही वर्तुळंच.

तू मात्र साळसूदपणाचा आव आणू नकोस. गाईडात जाऊन कोण बसलं? ‘फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त’, ‘मी पंतप्रधान झालो तर’, शेवटी एक सुविचार. उद्या तू दहा गुणांसाठी परत आलास तर आठवड्यात क्लासवाले तुझी पीडीएफ काढतील आणि मीही ती मुकाट्याने घोकीन. लाखो उत्तरपत्रिका तपासणार कोण, हाही प्रश्न आहेच. आम्हीच, उन्हाळी सुट्टीत, गठ्ठ्यागणिक. तू कुणालाच परवडत नाहीस, बाबा.

तरी एक सांगतो. सहावीतल्या एका मुलाने मागे ‘माझा आवडता ऋतू’ लिहिला. पावसाळा. मोर नाही, इंद्रधनुष्य नाही. पावसाळा आवडतो, कारण तेव्हा आम्ही सगळे गावात असतो. दिवाळी झाली की आईबाप कोयता घेऊन फडावर जातात. सात ओळी, ऱ्हस्वदीर्घाचा पत्ता नाही, शेवटचं वाक्य अर्धवट. या मुलाला काय सांगायचं, कुठे लाल पेन लावायचं आणि कुठे हात आवरायचा, हे मला कळतं की नाही यावर माझी पात्रता ठरवा ना! त्याऐवजी पियाजेच्या चार अवस्था वयोगटांसह पाठ करतोय.

यायचंच असेल, तर तुझे ते ठेवणीतले विषय घरी ठेवून ये. पर्यवेक्षकाच्या हातून अशी एखादी वही आम्हाला दे आणि सांग : या विद्यार्थ्यासाठी शेरा लिहा. अडीच तास नकोत, अर्धा पुरे.

तुझा,
एक भाषाशिक्षक, सध्या परीक्षार्थी